विचारा टीचरला : माशाचा मेंदू आणि देवघरातलं बटण

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेले होते, की माशाच्या अंड्यात मेंदू घडताना बघणं हे मी पाहिलेलं सगळ्यात भारी नाटक. झालं, त्या एका वाक्यावर एवढे प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यावा लागतोय. आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल विचारणाऱ्या मयेच्या वाचकांनी रागावू नये, तुमचं पुढच्या महिन्यात नक्की घेते.

दोघांनी विचारलंय की तुम्हाला ह्यातलं काय कळतं, तर ते आधी सांगून टाकते. लग्नाआधी अडीच वर्षं मी एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट होते आणि तिथे झेब्राफिश होते. माझं काम म्हणजे सकाळी अंडी गोळा करायची, मेलेली वेचून काढायची, टाक्या घासायच्या आणि मधल्या वेळेत मोठी माणसं मायक्रोस्कोपखाली काय करतात ते त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघायचं. आता हायर सेकंडरीला बायो शिकवते. बस्स, एवढंच.

टीचर, माझी थोरली पुण्यात पीएचडी करते. विषय काय विचारलं तर म्हणते, झेब्राफिशच्या भ्रूणात मेंदू तयार होताना जीन रेग्युलेशन कसं होतं ते. मी बँकेतनं रिटायर झालेला माणूस, मला त्यातलं फिश तेवढं कळलं. बाजारात लोक विचारतात मुलगी काय करते, मी म्हणतो माशांवर रिसर्च, तर म्हणतात मग दोना पावलाला एनआयओत, म्हणजे समुद्र संशोधन संस्थेत, का नाही लागली, पुण्यात कुठे समुद्र आहे. पाच वर्षं माशाचा मेंदू बघून काय मिळणार हे तिला विचारलं तर चिडते. तुम्हीच सांगा. (साखळी)

तिला चिडू दे, पण तुमचा प्रश्न चुकीचा नाही. आणि बाजारातल्या लोकांना आधी हे सांगा की हा समुद्रातला मासाच नाही. गोड्या पाण्यातला, तीन-चार सेंटीमीटरचा, अंगावर निळे आडवे पट्टे. भारत, नेपाळ, बांगलादेशातल्या ओढ्यांत, भातशेतीच्या पाण्यात राहतो, म्हणजे मूळचा आपल्याच बाजूचा. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची यादी केली त्यात १८२२ साली ह्याचं पहिलं वर्णन आहे. मग दीडशे वर्षं तो लोकांच्या काचेच्या टाक्यांत शोभेला फिरत राहिला, आणि अमेरिकेत ओरेगनला जॉर्ज स्ट्राइसिंगर म्हणून शास्त्रज्ञ होते त्यांनी पाळीव माशांच्या दुकानातून आणून त्याला लॅबमध्ये बसवला. त्यांचा गाजलेला पेपर १९८१चा.

आता मेंदू. तुमच्याकडे हुमणाला बांगडा आणला की डोकं टाकत नसालच, कधी ते डोकं नीट उघडून बघा. आत पांढरट वाटाण्याएवढं काहीतरी असतं, त्याला पुढचा भाग, मधला भाग, मागचा भाग आणि मागच्या बाजूला तोल सांभाळणारा छोटा मेंदू. आपल्या मेंदूचा नकाशा हाच. साइज वेगळा, पुढचा भाग आपला प्रचंड फुगलेला, पण कुठला तुकडा कुठे आणि कुठल्या क्रमाने बनतो ते जवळजवळ तसंच. माशांचे आणि आपले पूर्वज वेगळे होऊन ४० कोटी वर्षांच्या वर झाली तरी हा नकाशा बदललेला नाही, हे मला अजून पण पटकन पचत नाही.

आणि जीन रेग्युलेशन, म्हणजे तुमच्या मुलीचा खरा विषय. आपल्याला शाळेपासून सांगितलेलं असतं की जीन म्हणजे अमुक गुण, तमुक रोग. पण झेब्राफिशमध्ये साधारण २६ हजार जीन आहेत आणि ते सगळेच्या सगळे त्याच्या प्रत्येक पेशीत आहेत, डोळ्याच्या पण आणि शेपटीच्या पण. म्हणजे फरक जीनमध्ये नाहीये, कुठला जीन कधी चालू आणि कधी बंद ह्यात आहे. एक उदाहरण घ्या, पॅक्स-टू-ए नावाचा जीन. तो मेंदूच्या मधल्या आणि मागच्या भागाच्या सीमेवर चालू होतो. तोच डोळ्याच्या देठात, तोच कानाच्या पिशवीत, तोच किडनीत. एकच जीन चार ठिकाणी, चार वेगवेगळ्या वेळी. मग त्याला कसं कळतं आत्ता मेंदू की आत्ता किडनी?

आमचं जुनं घर होतं त्यात पोर्चच्या दिव्याचं बटण देवघरात होतं. का होतं कोणास ठाऊक, वायरमनने तसं केलेलं. पाहुण्यांना कधीच सापडायचं नाही. जीनचं अगदी तसंच आहे. जीन म्हणजे दिवा, आणि त्याची बटणं त्याच्या शेजारीच असतील असं नाही, कधी कधी डीएनएच्या धाग्यावर फार फार लांब, दुसऱ्याच एखाद्या जीनच्या पोटात असतात. ह्या बटणांना इनहान्सर म्हणतात. हातापायांची बोटं नीट यावीत म्हणून माणसात एका जीनचं बटण दहा लाख अक्षरं लांब आहे, आणि त्या बटणात नुसतं एक अक्षर चुकलं तरी जादा बोट येऊ शकतं, जीन स्वतः ठणठणीत असून. आणि एका दिव्याला अनेक बटणं असतात, मेंदूसाठी वेगळं, किडनीसाठी वेगळं. बटण दाबणारी बोटं म्हणजे काही ठराविक प्रोटीन, ती ज्या पेशीत असतील तिथेच बटण दाबलं जातं. आणि ही प्रोटीन कुठून आली, तर दुसऱ्या कुठल्या तरी जीनने बनवली, त्याला पण बटण आहे. असं ते जाळं.

माणसाच्या डीएनएत प्रोटीनचा मजकूर असलेला भाग जेमतेम दीड-दोन टक्के. बाकीच्याला एके काळी कचरा म्हणून मोकळे झालेले लोक. ह्या कचऱ्यातच बटणं लपलेली आहेत, आणि ती बघून ओळखता येत नाहीत कारण बटणाला काही ठराविक चेहरा नसतो. मग शोधायची कशी? तर माशात. २००५ साली एका ग्रुपने माणूस आणि फुगू मासा ह्यांच्या डीएनएत जवळपास सारखे राहिलेले, पण प्रोटीन न बनवणारे, सुमारे १४०० तुकडे काढले. त्यातले २५ घेऊन झेब्राफिशच्या भ्रूणात घालून पाहिले. २५पैकी २३ चालले! म्हणजे कोट्यवधी वर्षांनंतर पण बटण तेच.

हे घालतात कसं ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते. संशय असलेला डीएनएचा तुकडा घ्यायचा, त्याला जेलीफिशमधून आलेला हिरवा चमकणारा जीन जोडायचा, आणि केसाहून बारीक काचेच्या सुईने अंड्यात टोचायचं. पण अंडं एका पेशीचं असतं ते फक्त पाऊण तास, मग त्याचे दोन होतात, त्यामुळे सकाळी मासे अंडी द्यायला लागले की आमची नुसती धावपळ, चहा गार, फोन उचलायचा नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. आणि दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपचा निळा लाइट लावायचा आणि बघायचं कुठे हिरवं दिसतंय. मेंदूच्या मागच्या भागात हिरवं, तर तो तुकडा मेंदूच्या मागच्या भागाचं बटण. कुठेच नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. बहुतेक वेळा पुन्हा पहिल्यापासून.

पाच वर्षं का लागतात त्याचं पण उत्तर देते. कारण बटण सापडलं तरी काम संपत नाही. ते क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या कात्रीने, कापून टाकलं तर काय होतं हे बघावं लागतं, आणि पुष्कळदा काहीच होत नाही! दिवा लागतोच. कारण त्याच दिव्याला दुसरं एक बटण असतं, निसर्गाने स्पेअर ठेवलेलं. शिवाय ह्या माशांच्या पूर्वजांत एकदा सगळा जीनोमच, म्हणजे डीएनएचा अख्खा संचच, डबल झालेला, त्यामुळे पॅक्स-टू-एला पॅक्स-टू-बी म्हणून भाऊ पण आहे, एक गेला तर दुसरा थोडंफार सांभाळून घेतो. मग दोन्ही काढा, तिन्ही काढा, पिढ्या वाढवा, आणि मासा अंडी देण्याइतका मोठा व्हायला तीन महिने घेतो. तुमची मुलगी चिडते ती बहुतेक ह्याच्यावर चिडते, तुमच्यावर नाही.

मिळणार काय म्हणाल तर, मोठमोठ्या लोकसंख्येत आजारांशी संबंध दिसलेले डीएनएतले फरक बहुसंख्येने जीनमध्ये नाहीत, जीनबाहेर आहेत. म्हणजे बटणांत. डॉक्टरकडे एखाद्या मुलाच्या डीएनएचा रिपोर्ट येतो, त्यात जीनबाहेर एक अक्षर वेगळं, आता ह्याचा अर्थ काय? कोणालाच सांगता येत नाही जोपर्यंत कुठलं बटण कुठल्या दिव्याचं हे माहीत नाही. ते माहीत करून घेण्याचं काम ती करते. औषध उद्या येईल असं मी म्हणणार नाही, तुम्ही पण बाजारात म्हणू नका. माझी मुलगी मेंदूची बटणं शोधते, एवढं म्हणा.

प्रत्येक पेशीत सगळे जीन असतात तर शेपटीत मेंदू का होत नाही? आणि बटण दाबणारं प्रोटीन दुसऱ्या जीनमुळे येतं, ते तिसऱ्यामुळे, तर मग सगळ्यात पहिलं बटण कोण दाबतं? आमच्या सरांनी हा प्रश्न सिलॅबसच्या बाहेरचा आहे म्हणून सांगितलं. (बारावी सायन्स, फोंडा)

सिलॅबस गेलं उडत, प्रश्न एक नंबर आहे.

दुसरा आधी. पहिलं बटण आई दाबते. अंडं तयार होतानाच आई त्यात प्रोटीन आणि आरएनएची (म्हणजे जीनच्या निरोपाच्या चिठ्ठ्यांची) शिदोरी भरून ठेवते, आणि पहिले तीनेक तास भ्रूण त्याच शिदोरीवर जगतं, स्वतःचे जीन जवळपास सगळे गप्प. ४५ मिनिटांनी दोन पेशी, मग दर १५ मिनिटांनी डबल, चार, आठ, सोळा, घड्याळ लावून बघावं इतकं नेमकं. हजार पेशींच्या आसपास आलं की आईने दिलेली काही प्रोटीन, नॅनॉग आणि त्याचे साथीदार, भ्रूणाचे स्वतःचे जीन पहिल्यांदा उघडतात. आणि गंमत म्हणजे भ्रूणाने जे अगदी पहिल्यांदा बनवलं त्यातला एक छोटासा आरएनए आईचे निरोप साफ करायच्या कामाला लागतो. घराचा ताबा मिळाला की पहिल्यांदा आईची जुनी भांडी काढायची, अगदी सूनबाई.

आता शेपटीत मेंदू. होत नाही असं नाही, भलत्या जागी मेंदू करून दाखवलाय! १९२४ साली जर्मनीत हान्स श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड ह्यांनी न्यूट नावाच्या, बेडकाच्या नात्यातल्या पण शेपटीवाल्या प्राण्याच्या भ्रूणातला एक इवला तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला लावला, तर तिथे दुसरा मणका आणि दुसरा मेंदू यायला लागला. म्हणजे पोटाच्या पेशींना पण मेंदू करता येत होता, कोणी सांगत नव्हतं म्हणून करत नव्हत्या. श्पेमानना १९३५ला नोबेल मिळालं. मांगोल्ड पेपर छापून आला त्याच वर्षी एका अपघातात भाजून गेल्या, तिशी पण गाठली नव्हती, आणि प्रयोग त्यांच्या हातचा होता. हे पुस्तकात नसतं, म्हणून लिहिलं. झेब्राफिशमध्ये पण असा तुकडा आहे, त्याला शील्ड म्हणतात, तो हलवला तरी हाच प्रकार.

सांगतो कोण, तर पेशींनी सोडलेली रसायनं. त्यातलं एक व्नट. व्नटचा साधा निरोप असतो, मागचं व्हा, शेपटीकडचं व्हा. मग डोक्याने काय करायचं, तर व्नटला आत येऊच द्यायचं नाही. तू फोंड्याची, खांडेपार बाजूला नाही पण कुंभारजुवे किंवा दिवाडीला खाजन शेती बघितली असशील. बांधाला मानस म्हणजे पाणी अडवायची-सोडायची मोरी असते, भरतीचं खारं पाणी चढलं की तिचं दार दाबून बंद, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जायला उघडं. दार सडलं की खारं पाणी शेतात आणि भात गेलं. भ्रूणाच्या पुढच्या टोकाला व्नट अडवणाऱ्या अशाच मानशी आहेत. मास्टरब्लाइंड नावाचा एक म्युटंट झेब्राफिश आहे, त्यात पेशीच्या आत व्नटला ब्रेक लावणारं प्रोटीन बिघडलेलं, म्हणजे मानशीचं दार मोडलेलं. काय होतं? पुढच्या मेंदूचं टोक आणि डोळे येतच नाहीत, त्या जागेवर थोडं मागचं जे असतं ते पुढे सरकून येतं. कापून काढलेलं नाही काही, पेशी तिथेच आहेत, त्यांना चुकीचा पत्ता मिळाला.

मानशीचं उदाहरण फार ताणू नकोस, कारण मानस एक उघडी नाहीतर बंद, इथे व्नट किती ह्यालाही किंमत आहे, थोडं, मध्यम, भरपूर, त्याप्रमाणे मेंदूचा वेगळा भाग. आणि सीमेवर भांडण पण असतं. पुढून एका जीनचं राज्य, त्याचं नाव ऑटीएक्स-टू, मागून जीबीएक्स, दोघं एकमेकांना दाबतात, आणि जिथे दोघं भिडतात त्या रेषेवर आपला मघाचा पॅक्स-टू-ए आणि एफजीएफ-एट चालू होतात आणि मग ती रेषाच आजूबाजूला ऑर्डर सोडायला लागते, इथे छोटा मेंदू करा म्हणून. एफजीएफ-एट बिघडलेल्या माशाला छोटा मेंदूच नसतो. मागच्या मेंदूत तर सात खोल्या पडतात आणि क्रॉक्स-ट्वेंटी नावाचा जीन फक्त तिसऱ्या आणि पाचव्या खोलीत चालू होतो, चौथीत नाही. रंग लावला की कपाळावरच्या गंधासारखे दोन आडवे जांभळे पट्टे दिसतात, मी पहिल्यांदा बघितले तेव्हा मला वाटलं कोणीतरी पेनाने काढलेत.

आता तर २०१८पासून पहिल्या दिवसातल्या भ्रूणाच्या हजारो पेशी एकेक सुट्ट्या करून कुठल्या पेशीत कुठले जीन चालू हे वाचतात. आमच्या वेळी एका जीनचा एक पट्टा बघायला तीन दिवस जायचे.

गेल्या अंकात तुम्ही लिहिलं की माशातही न्यूरल ट्यूब, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती नळी, आपल्यासारखीच घडी पडून बनते. हे चूक आहे. (एक डॉक्टर, मडगाव)

चूक आहे, मान्य, कान पकडते. आपल्यात आधी पेशींची सपाट पट्टी असते, तिच्या कडा वर उचलल्या जातात, करंजीच्या कडा जुळवाव्यात तशा मिटतात आणि पोकळ नळी होते. झेब्राफिशमध्ये पट्टी मधोमध खाली दबून आधी भरीव दांडा होतो, आणि मग त्या दांड्यात आतून पोकळी उघडते. शेवटी नळी दोघांची, रस्ता वेगळा. आणि ह्याचा अर्थ असा की नळी न मिटण्याच्या आजारावर झेब्राफिश तितकासा चांगला मॉडेल नाही, तिथे उंदीर आणि कोंबडीचं अंडं बरं. लिहिताना घाईत होते, सॉरी.

त्यालाच धरून विचारते, मला दुसरा महिना आहे, डॉक्टरांनी फॉलिक ॲसिड दिलंय, सासूबाई म्हणतात आमच्या वेळी असलं काही नव्हतं, भाजी खा. (डिचोली)

भाजी खाच, आणि गोळी पण घ्या. वर जी नळी मिटण्याची गोष्ट सांगितली ती माणसात गर्भ राहिल्यापासून साधारण २८व्या दिवसापर्यंत संपते, पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेलेत हे कळलेलंही नसतं. म्हणून खरं तर गोळी दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते, रोज ४०० मायक्रोग्रॅम. नळी मिटली नाही तर स्पायना बिफिडा (बाळाचा पाठीचा कणा नीट न मिटणं) किंवा त्याहून वाईट, आणि फॉलिक ॲसिडने तो धोका बराच कमी होतो हे माशांत नाही, माणसांतच मोठ्या ट्रायल करून सिद्ध झालेलं आहे. आधीच्या बाळाला असा त्रास झाला असेल किंवा फिट्सचं औषध चालू असेल तर डोस वेगळा असतो, ते डॉक्टरांना सांगा, मला नको. सासूबाईंना सांगा टीचरने सांगितलंय.

माझ्या टाकीत आठ झेब्रा डॅनिओ आहेत, वर्ष झालं, एकदा पण पिल्लं दिसली नाहीत. आणि तुम्ही म्हणता तसं अंड्यात मेंदू बनताना घरी बघता येईल का? (म्हापसा)

पिल्लं दिसत नाहीत कारण आईबाप अंडी खाऊन टाकतात. अंडी देतायत ते, तुम्ही उठायच्या आत कार्यक्रम उरकतो. एक छोटी वेगळी टाकी घ्या, तळाला मुलांच्या काचेच्या गोट्या दोन थर पसरा, रात्री एक मादी आणि एक-दोन नर सोडा. मादी म्हणजे पोटाला गोल, नर सडसडीत आणि जरा सोनेरी. रात्रभर पूर्ण अंधार पाहिजे, पडदा-बिडदा लावा. सकाळी लाइट लावला की अर्ध्या-एक तासात नर मागे लागतो, अंडी गोट्यांच्या फटीत पडतात, तिथे त्यांचं तोंड पोचत नाही. मोठे मासे काढा, गोट्या काढा, अंडी ड्रॉपरने उचलून बशीत घ्या. पाणी क्लोरीनचं नको, दोन दिवस भरून ठेवलेलं घ्या, बुरशी येऊ नये म्हणून ॲक्वेरियमवाल्याकडचं मिथिलीन ब्लू जेमतेम निळसर दिसेल एवढंच. पांढरी पडलेली अंडी मेलेली, ती लगेच काढायची, नाहीतर सगळी नासतात.

लॅबमध्ये ही अंडी २८.५ डिग्रीला ठेवतात त्यासाठी महागडा इन्क्युबेटर लागतो. आपल्या गोव्यात घरातलं कपाट पण वर्षातले बरेच महिने त्याच्याच आसपास असतं, एकदा तरी आपल्या उकाड्याचा फायदा घ्या. टेंपरेचर कमी झालं की सगळं सावकाश होतं. आमच्याकडे एकदा रात्री लाइट गेली आणि इन्क्युबेटर गार पडला, सकाळी मी २४ तासांची म्हणून काढलेली अंडी बघते तर ती २० तासांचीसुद्धा दिसेनात, आणि ज्या बाईंचा त्या दिवशी प्रयोग होता त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू वीज खात्यात मीच आहे.

बघायला शाळेचा साधा मायक्रोस्कोप पुरे, सगळ्यात कमी पॉवरवर. आतलं अंडं ०.७ मिलीमीटरचं, काचेसारखं आरपार. सकाळी नऊला पडलेलं अंडं धरा. दुपारी बारापर्यंत बलकावर पेशींचा ढीग चढलेला. संध्याकाळी सातपर्यंत पेशी बलकावरून खाली उतरून सगळा बलक झाकलेला आणि एका बाजूला पाठीची रेघ, मेंदूची पट्टी ती हीच. रात्री जागायची तयारी असेल तर तीनच्या सुमारास बघा, मेंदूला फुगे फुगे आलेले असतात, पुढचा, मधला, मागे छोटे छोटे. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला डोळे, मेंदूतल्या पोकळ्या, आणि हृदय धडधडतंय. २४ तास! बांगडा फ्रीजमध्ये पडून राहतो त्यापेक्षा कमी वेळ. दोन-तीन दिवसांत पोरं बाहेर येतात, पाचव्या दिवसापर्यंत पोटातल्या बलकावर काढतात, मग अगदी बारीक खाद्य.

एक विनंती. जास्त झाली म्हणून व्हाळात सोडू नका. कोणाला तरी द्या.

आमच्या घरामागच्या व्हाळात पावसानंतर निळसर पट्ट्यांचे मासे दिसतात, ते हेच का? (वाळपई)

फोटो नीट आला नाहीये, पण बोटापेक्षा मोठा आहे असं म्हणता, तर बहुतेक मोठा डॅनिओ, झेब्राचा चुलतभाऊ. सह्याद्रीच्या ओढ्यांत तो भरपूर असतो. झेब्राफिशचे पट्टे सरळ, शेपटीपर्यंत आणि खालच्या परातही गेलेले असतात, चुलतभावाचे अंगावर तुटक, मधे पिवळं. बघा आणि तिथेच राहू द्या.

मुक्या जीवांचे डोळे घालवायचे, मेंदू बिघडवायचे आणि त्याला शास्त्र म्हणायचं. तुम्हाला वाईट नाही वाटत? (पेडणे)

वाटायचं. पहिल्या आठवड्यात तर मी रात्री जेवले नाही, आणि मग शनिवारी घरी येऊन तळलेला बांगडा खाल्ला, तो विरोधाभास मलाही दिसतो, तुम्ही दाखवायची गरज नाही. मणका असलेल्या प्राण्यांवर काहीही करायचं तर आपल्याकडे संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, मोठ्या माशाला भूल देतात, कमीत कमी प्राणी वापरायचे असा दंडक आहे. मेंदू घडण्याचं बहुतेक काम पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या भ्रूणावर होतं, पोर स्वतः खायला लागायच्या आधी, युरोपच्या कायद्यातही संरक्षण स्वतः खाऊ लागल्यापासूनच धरतात. ही रेघ बरोबर जागी आहे का ह्यावर वाद घालता येईल, मी पण घालते. पण ह्या माशाचं भ्रूण काचेसारखं असल्याने आत काय चाललंय ते बघायला त्याला कापावं लागत नाही, आणि उंदराच्या बाबतीत आईसकट मारावं लागतं, हा फरक मला तेव्हा पुरेसा वाटला होता.

बाकी हा मासा सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे असं नाही. आपल्या मेंदूवरची ती सहा थरांची साल त्याला नाही, भाषा, गणित, दुःख ह्यातलं बरंच तिथे असतं. माशाला ऑटिझम झाला वगैरे हेडलाइन दिसली की मी पान उलटते. ऑटिझमशी संबंध असलेला जीन माशात बिघडवला तर कुठल्या पेशी कमी पडल्या, एवढंच तो सांगू शकतो, आणि तेही कमी नाही, कारण माणसाच्या साधारण ७० टक्के जीनना माशात जोडीदार आहे, २०१३ला त्याचा जीनोम पूर्ण छापला तेव्हा हा आकडा आला.

झेब्र्याला उभे पट्टे असतात, ह्या माशाला आडवे, मग झेब्रा कशाला म्हणायचं? (इयत्ता सहावी, काणकोण)

नाव ठेवणाऱ्याने बहुतेक मान वाकडी करून बघितलं असेल. पण तू अंड्यातलं पोर बघितलंस तर त्याला असे पट्टे नसतातच, नुसते काळे ठिपके आणि त्यांच्या काही बारीक रेघा. निळे पट्टे नंतर येतात, दोन-तीन आठवड्यांचा झाल्यावर, काळ्या पेशी आणि पिवळ्या पेशी एकमेकींना ढकलत ढकलत आपापल्या ओळीत जाऊन बसतात. प्रार्थनेला तुमच्या वर्गाची रांग लागते तसं, फक्त पीटीचे सर नसतात.